ऑनरचे नियम वापरताय? टेबलावरच्या या चुका टाळा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं वठवून, फासे टाकून खेळायच्या खेळात ऑनर, म्हणजे पात्राच्या इभ्रतीचा आकडा, आणायचा म्हटलं की बरेच डीएम (खेळ चालवणारे डंजन मास्टर) कॅरेक्टर शीटवर ताकद, चपळाई वगैरे सहा गुणांच्या आकड्यांशेजारी सातवा चौकोन काढतात आणि ‘वाईट वागलात की एक कमी’ एवढ्यावर भागवतात. दोन-तीन सेशनमध्ये प्लेयर वैतागतात. दोष नियमाचा कमी आणि तो लावण्याच्या पद्धतीचा जास्त असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संहिता लिहूनच न काढणं. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या नियमपुस्तकातला ऑनर हा ऐच्छिक अ‍ॅबिलिटी स्कोअर आहे. एखाद्या आचारसंहितेवरची पात्राची निष्ठा आणि तिची जाण, या दोन गोष्टी तो मोजतो. पात्र भलं की बुरं, हे पाहायला अलाइनमेंट आहे. संहिता कागदावर नसली की डीएमला त्या दिवशी जे खटकेल ते ऑनरविरुद्ध ठरतं आणि भांडण थेट डीएमशी होतं.

पाच कलमं पुरतात, पण ती महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लिहा. समजा, एखादं डोंगरी राज्य आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर शस्त्र उचलायचं नाही. शरण आलेल्याला मारायचं नाही. धन्याचा हुकूम मोडायचा नाही. भर दरबारात उचललेला विडा परत ठेवायचा नाही. वडीलधाऱ्यांच्या आधी बोलायचं नाही. आता पार्टी, म्हणजे प्लेयरांच्या पात्रांचा चमू, किल्लेदाराच्या पंगतीतून जेवून उठते आणि राजाचा खलिता येतो: किल्लेदाराला कैद करा. पहिलं आणि तिसरं कलम आमनेसामने. क्रम लिहिलेला असल्यामुळे प्लेयरला कळतं की हुकूम मोडणं एक वेळ खपेल, पण खाल्ल्या मिठाला जागलो नाही तर पॉइंट जाणार. मग कोणी किल्लेदाराला मागच्या दिंडीतून पळवतं, कोणी राजाकडे जाऊन तोंडावर नकार देतं. अशा पेचांसाठीच ऑनर आणायचा; ते घडवायचे नसतील तर सातव्या स्कोअरचं ओझं कशाला?

संहिता उसनी आणण्याची खोड पुण्यातल्या टेबलांवर विशेष नडते. जग सह्याद्रीच्या गडांवर बेतलेलं आणि नियम मात्र युरोपातल्या सरदाराचे: रात्री हल्ला नको, दबा धरणं नको. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर झालेला छापा रात्रीचाच होता. त्या छाप्यावर बेतलेल्या मोहिमेत प्लेयरचा पॉइंट कापलात, तर तुमच्या जगाचे नायकच बेअब्रू ठरतील. गनिमी काव्याच्या जगात छापा चालतो; कौल देऊन तो फिरवणं चालत नाही.

दर सेशनला कात्री चालवू नका. मूळ नियमात साहसाच्या शेवटी, तोही जास्तीत जास्त एका पॉइंटचा बदल आहे, आणि स्कोअर १ ते २० मध्येच राहतो. आपल्याकडे रविवारच्या चार-चार तासांच्या बैठकांत एक साहस दोन महिने चालतं, तोवर कोण कसं वागलं हे कोणालाच आठवत नाही. वहीत दोन रकाने ठेवा: काय केलं, कोणासमोर केलं. शेवटी ती वही सगळ्यांसमोर वाचूनच निर्णय द्या. १३ चा १२ झाला तरी मॉडिफायर (फाशावरच्या आकड्यात मिळवायचा आकडा) +१ च राहतो, त्यामुळे नुसत्या आकड्याने प्लेयरला काही टोचत नाही. टोचतो तो मानाचा क्रम. पुणेकरांना हे समजावायला नको: विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला कसबा, मग तांबडी जोगेश्वरी. तसंच दरबारात विडा आधी कोणाला मिळतो आणि बसायची जागा कुठे सरकते, ते दाखवा.

‘कोणासमोर’ हा रकाना दुसऱ्या कारणासाठीही लागतो. ऑनर आणि नावलौकिक एकाच आकड्यात कोंबले की गुपचूप केलेल्या दगाबाजीचं काय करायचं ते कळत नाही. ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ या अशाच दुसऱ्या खेळात ऑनर, ग्लोरी आणि स्टेटस असे तीन वेगळे आकडे आहेत ते याचसाठी. डी अँड डीत रिनाउनचा, म्हणजे नावलौकिकाचा, ऐच्छिक नियम आहे. तो प्रत्येक गटापुरता शून्यापासून मोजतात. कोणी न पाहिलेल्या पापाला ऑनर घटवा, रिनाउनला हात लावू नका.

ऑनरच्या सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे संहिता मोडणं टाळण्यासाठी टाकायच्या वीस बाजूंच्या फाशाचा, डीसी (गाठायचा आकडा) जादूगाराच्या स्पेलसारखा १७-१८ लावणं ही हिशेबाची चूक. चौदाव्या लेव्हलचा मंक वगळला तर कोणत्याही क्लासला (पात्राच्या पेशाला) ऑनर सेव्हची प्रोफिशियन्सी, म्हणजे प्रावीण्याचा जादा आकडा, मिळत नाही. ११ स्कोअर म्हणजे मॉडिफायर शून्य. डीसी १५ ला ३० टक्केच रोल यशस्वी होतात, १२ ला ४५, १० ला ५५. शत्रूने डिवचलं तर १०, मुरलेल्या दरबाऱ्याने सापळा लावला तर १२. याच्या वर क्वचितच जा.

बोलून झाल्यावर ‘पॉइंट गेला’ म्हणणं तर अगदीच वाईट. प्लेयरला दरबारी रीत माहीत नसते, त्याच्या पात्राला असते. “हे बोललास तर यजमानाचा अपमान होईल, तरी बोलायचंय?” एवढं आधी विचारा. हो म्हणाला, तर पुढचं त्याचं तो निस्तरेल.

पार्टीतल्या ‘रोग’ला, म्हणजे चोर-ठगाच्या पेशातल्या पात्राला, सरदारांची संहिता लावू नका. चोरांच्या टोळीची तीन कलमं वेगळी लिहा. साथीदाराचं नाव कोतवालाला सांगायचं नाही, हे त्यातलं पहिलं.

नव्या कॅम्पेनमध्ये ठरलेल्या सहा आकड्यांच्या स्टँडर्ड अ‍ॅरेला एक ११ जोडा, पॉइंट मोजून आकडे घ्यायच्या पॉइंट बायला तीन पॉइंट जास्त द्या. हे विसरलात तर प्लेयर आपला सगळ्यात हलका आकडा ऑनरमध्ये टाकून मोकळे होतात. चालू कॅम्पेनमध्ये सगळ्यांना ११ द्या आणि पहिल्या साहसात फक्त वही भरा, पॉइंट कापू नका.