लेकीच्या हातात चावी देण्याआधी

घरात कुणी सतरा-अठराचं झालं की गाडीचा विषय चावीपासून सुरू होतो आणि आरटीओच्या रांगेत संपतो. विम्याची आठवण होते ती बंपर ठोकल्यावर. गेल्या वर्षी लेकीच्या लायसन्सच्या निमित्ताने मी हे सगळं उलट क्रमाने शिकलो. तुमच्या घरी वेळ यायची असेल तर ही तयारी आधीच करून ठेवा.

पहिली गोष्ट वय. निम्म्या घरांत घोळ होतो तो इथेच. ‘सोळा पूर्ण झाली की बिनगिअरची चालते’ असं जो तो सांगतो, पण ते अर्धवट आहे. मोटार वाहन कायदा सोळाव्या वर्षी परवानगी देतो ती 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला. शोरूममध्ये उभ्या असलेल्या स्कूटर 110 आणि 125 सीसीच्या. म्हणजे अकरावीतली मुलं क्लासला ज्या स्कूटरवर जातात, तिला अठराच पूर्ण लागतात. गिअर असो वा नसो. ताशी 25 किलोमीटरच्या आतली, 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची हलकी बॅटरीवाली गाडी मात्र कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही, त्यामुळे तिला लायसन्सही नको आणि विमाही नको. घाई असलेल्यांनी हा रस्ता धरावा.

‘सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंतच तर जातोय’ म्हणणाऱ्या पालकांनी 2019 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 199अ वाचून घ्यावं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी केलेल्या हौसेसाठी पुढची नऊ वर्षं बसने जायचं!

अठरा पूर्ण झाली की लर्निंग लायसन्स. सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज भरायचा. आधार जोडून भरला तर महाराष्ट्रात परीक्षाही घरबसल्या देता येते. 2021 पासून ही सोय आहे. त्याआधी एका संध्याकाळी आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्याकडे वडिलांच्या, म्हणजे माझ्याच, नावात एका कागदावर एक ‘ए’ जास्त निघाला. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा, कारण ओटीपी त्यावरच येतो. परीक्षेत किमान 60 टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. चिन्हं एकदा नीट पाहिली की काम होतं. अर्जात वाहनाचे प्रकार निवडताना गिअरची दुचाकी आणि चारचाकी दोन्हींवर खूण करा, नाहीतर वर्षभराने परत तेच सगळं.

तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. बारावीच्या ऐन अभ्यासात लर्निंग काढलं तर ते तसंच पडून संपतं. परीक्षा झाल्यावर काढा, सुट्टी सरावाला सापडते.

आता खरा मुद्दा. लर्निंगवर गाडी चालवताना अपघात झाला तर विमा मिळतो का? मिळतो, पण एका अटीवर. तुमच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा बारीक अक्षरातला परिच्छेद असतो. त्यात लिहिलेलं असतं की शिकाऊ लायसन्सवालाही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 3 पाळलेला हवा. या नियमात तीन गोष्टी येतात. लर्निंग चालू असावं. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी आवरता किंवा थांबवता येईल असा बसलेला असावा. आणि गाडीला पुढे-मागे, पांढऱ्यावर लाल ‘एल’ असावा. म्हणजे ज्याला आपण शोभेचं स्टिकर समजतो, ती विम्याची अट आहे. काचेवर लिपस्टिकने काढलेला ‘एल’ मी आमच्याच पार्किंगमध्ये पाहिलाय.

त्या ‘एल’चं मापही ठरलेलं आहे. पाटी किमान 18 बाय 18 सेंटीमीटरची, अक्षर 10 सेंटीमीटर उंच, 2 जाड आणि तळाशी 9 रुंद. मी दुकानातून आणलेलं स्टिकर लेकीने तिच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं, तर अक्षर जेमतेम सात भरलं. मग घरातलाच पांढरा पुठ्ठा आणि लाल इन्सुलेशन टेप घेऊन दोन पाट्या केल्या. दिसायला ओबडधोबड, पण मापात बसणाऱ्या.

दुचाकीवर हे आणखी अडचणीचं. शिकताना मागे बसायची मुभा फक्त शिकवणाऱ्याला आहे, आणि त्याच्याकडेही लायसन्स हवं. मैत्रिणीला डबलसीट घेऊन कॉलेजला जाणं लर्निंगवर बसत नाही. हे मुलांना एकदाच, पण स्पष्ट सांगा, आणि कारणासकट सांगा.

विम्याचा कागद उघडलाच आहे तर बाकीचंही बघून घ्या. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याच्या विम्याचा, हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, त्यामुळे लेक चालवणार म्हणून तो वाढत नाही. पण दोन खाचा आहेत. पहिली, नवी दुचाकी घेताना जो ‘पाच वर्षांचा विमा’ मिळतो, त्यात पाच वर्षं असतात ती बहुधा थर्ड पार्टीची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वर्षभराने संपलेला असतो आणि आपण मात्र निर्धास्त. शिकणाऱ्याच्या हातून खरचटणार ते आपलीच गाडी, तेव्हा तो भाग आधी चालू करा. दुसरी खाच, 15 लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण. ते ‘मालक-चालका’चं असतं, म्हणजे आरसी बुकावर नाव असलेल्याचं. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतेय लेक, तर ते तिला लागू नाही. तिच्यासाठी वेगळं वैयक्तिक अपघात कव्हर घ्यावं लागतं. मला विचाराल तर झीरो डेपच्या, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता भरपाई देणाऱ्या जादा कव्हरच्या, आधी हे घ्या.

लायसन्सच नसताना अपघात झाला तर? समोरच्या जखमी माणसाला विमा कंपनीला बहुतेक वेळा पैसे द्यावे लागतात, पण नंतर ती ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्वर्णसिंग प्रकरणात हे स्पष्ट केलंय. ‘विमा आहे ना’ हे तिथे कामाचं नाही.

लहानसहान पोचे स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवा. खासगी कारच्या प्रत्येक क्लेममध्ये 1,000 किंवा 2,000 रुपये तसेही आपल्यालाच भरायचे असतात. शिवाय एक क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. पाच वर्षांत 50 टक्क्यांवर नेलेली सूट एका आरशापायी घालवू नये.

मुलासाठी जुनी स्कूटर घेणार असाल तर विक्रीच्या तारखेपासून 14 दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायचा अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप येते, गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणतो. पोचपावती मागा.

चाचणीच्या दिवशी नेणार त्या गाडीची आरसी, विमा आणि पीयूसी चालू आहेत ना, हे आदल्या रात्री बघा. तिथे गाडीचेही कागद विचारतात. कारला ‘एच’ काढावा लागतो, त्यातला रिव्हर्सचा भाग रिकाम्या मैदानात दोन विटांमध्ये घोटून घ्या. आमची पहिल्या खेपेला तिथेच अडली. लागोपाठ तीनदा नापास झालं तर पुढच्या प्रयत्नाला साठ दिवस थांबावं लागतं, तेव्हा ‘बघू जमलं तर’ म्हणून जाऊ नका.

पास झाल्यावर कार्ड पोस्टाने येतं. त्यावरची वैधता वाचून लेक हसली: अठराव्या वर्षी काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. डिजिलॉकरमध्ये लायसन्स, आरसी आणि पॉलिसी तिन्ही उतरवून घेतली, विमा कंपनीचा नंबर तिच्या फोनमध्ये टाकला आणि मग पुठ्ठ्याचे ते दोन ‘एल’ काढले. टेपचा चिकटा काचेवरून निघायला खोबरेल तेल लागलं.