राष्ट्रीय महामार्गावरची कोंडी कशी फोडावी: रुंदीकरणाआधी करायची कामे

महामार्ग रखडू लागला की पहिली मागणी येते ती आणखी लेनची. पण पन्नास-साठ किलोमीटरचा पट्टा सगळाच्या सगळा अपुरा पडत नाही. बहुतेक वेळा दुखणे दोन-तीन जागी असते. त्या जागा न शोधता रुंदीकरण केले, तर कोंडी पुढच्या अरुंद पुलावर जाऊन बसते.

सुरुवात मोजणीपासून करा, आणि सरासरी वेगावर विसंबू नका. मालवाहतूकदाराला, बसला, रुग्णवाहिकेला भरवशाचा वेळ लागतो. पट्ट्याचे दोन-तीन किलोमीटरचे तुकडे पाडा आणि किमान चार आठवडे दर १५ मिनिटांचा प्रवासवेळ नोंदवा. पावसाचे, सुट्टीचे आणि अपघाताचे दिवस वेगळे खुणावून ठेवा, वगळू नका. सरासरी वेळ ६० मिनिटे असेल, पण २० पैकी १९ वेळा वेळेवर पोचण्यासाठी ९० मिनिटे धरून निघावे लागत असेल, तर प्रवाशाला सरासरीच्या ५० टक्के वेळ नुसता राखून ठेवावा लागतो. पुढे जे काही कराल, ते हा आकडा किती खाली आला यावरून तपासा.

आता नोंदींचा तक्ता मांडा: आडवे किलोमीटर, उभी वेळ, आणि वेग कमी असलेल्या चौकटी रंगवा. रांगेची शेपटी दिवसभर मागेपुढे होते. तोंड मात्र रोज त्याच जागी दिसते. ते तोंड म्हणजेच अडथळा. त्याच्या पुढे गेल्यावर वाहने पुन्हा वेग घेतात, हीच त्याची खूण. तक्रारी नेहमी शेपटीकडून येतात, म्हणून कामेही अनेकदा शेपटीपाशी होतात आणि पैसा वाया जातो. तोंड सापडले की गर्दीच्या वेळी तिथे प्रत्यक्ष उभे राहून पाहा. ब्रेक कोणत्या लेनमध्ये लागतो, कोण आडवे येते, हे तक्त्यात कळत नाही.

एक गोष्ट इथेच ध्यानात घ्यावी. प्रवेश नियंत्रित असलेल्या चांगल्या महामार्गाच्या एका लेनमधून तासाला साधारण २,२०० ते २,४०० मोटारी जाऊ शकतात. पण एकदा रांग लागली की त्याच जागेतून सुटणारी वाहने या कमाल आकड्याहून कमी भरतात. म्हणून रांग लागल्यावर ती सोडवण्यापेक्षा ती लागूच न देणे कितीतरी स्वस्त पडते.

सर्वाधिक अडथळे थेट प्रवेशातून येतात: पेट्रोल पंप, ढाबे, गोदामांची फाटके, दुभाजक तोडून केलेल्या वाटा. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात. एकेरी लेनच्या वर्तुळाकार चौकात हा आकडा ८ वर येतो. वळणारी वाहने थोडी असली तरी एका ट्रकने यू-टर्न घेताना दोन्ही दिशांच्या लेन थांबतात. उपाय ठरलेला आहे: दुभाजकातील फट बंद, ये-जा सर्व्हिस रोडवरून, आणि ओलांडायला भुयारी मार्ग. चालणाऱ्यांची वाट लांबची केली तर लोक कठडे चढून जातात. तेव्हा भुयारी मार्ग जिथे लोक आजही ओलांडतात तिथेच हवा. नकाशावर सोयीचा दिसेल तिथे नको.

सर्व्हिस रोड सलग असलाच पाहिजे. ओढ्याच्या मोरीपाशी तो तुटला, तर त्यावरची सगळी वाहने तेवढ्याशा अंतरासाठी मुख्य रस्त्यावर चढतात आणि लगेच उतरतात. मोरी रुंद करणे हे छोटे काम आहे, पण तेच अंदाजपत्रकातून पहिले गळते.

मुख्य रस्त्यात शिरण्याच्या लेनची लांबी हिशेबाने ठरवा. वाहन ताशी ४० किलोमीटरने येते आणि मुख्य प्रवाह ८० ने चालतो, असे धरू. मोटारीचा प्रवेग सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद असेल, तर ८० गाठायला सुमारे १८५ मीटर लागतात. भरलेल्या ट्रकचा प्रवेग ०.४ धरला तर हेच अंतर ४६० मीटरच्या वर जाते. शंभर मीटरची लेन देऊन मोकळे झालात, तर प्रत्येक ट्रक मागच्यांना ब्रेक लावायला लावणार. चढावरच्या जादा लेनचेही तसेच. ती माथ्यावर संपवू नका. ट्रकने पुन्हा वेग धरेपर्यंत, म्हणजे माथ्याच्या बरेच पुढे न्या. एका रॅम्पवरून वाहने आत येतात आणि लगेच पुढच्या रॅम्पवरून दुसरी बाहेर पडतात, तिथे दोन्ही प्रवाह एकमेकांना कापतात. अशा ठिकाणी रॅम्पमधील अंतर वाढवा किंवा एक रॅम्प बंद करा.

जोडरस्ता शहरातून येत असेल, तर रॅम्पवर सिग्नल लावून एकेक-दोनदोन वाहने सोडता येतात. लोकांना हे अन्यायाचे वाटते, पण परिणाम तपासलेला आहे. अमेरिकेत मिनेसोटातील मिनियापोलिस-सेंट पॉल भागात २००० मध्ये असे सिग्नल काही आठवडे बंद ठेवून पाहिले: महामार्गावरून जाणारी वाहतूक ९ टक्क्यांनी घटली, प्रवासवेळ २२ टक्क्यांनी आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. मात्र रॅम्पवरची रांग शहराच्या चौकापर्यंत जाऊ देऊ नका. तशी खबर देणारे सेन्सर रॅम्पच्या मागच्या टोकाला हवेतच.

टोलनाक्याचा हिशेब सोपा आहे. एका वाहनाला १५ सेकंद लागले तर खिडकीमागे तासाला २४० वाहने, ५ सेकंद लागले तर ७२०. खिडक्या वाढवल्या तरी नाक्यापुढे दहाच्या तीन लेन होतात, तिथे दुसरा अडथळा तयार होतो. फाटक न ठेवता कमानीखालून चालत्या वाहनाकडून टोल वसूल करणे, हाच खरा उपाय.

अचानक उद्भवणाऱ्या कोंडीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तीन लेनपैकी एक बंद पडली की क्षमता एक तृतीयांश नव्हे, जवळपास निम्मी घटते. साइडपट्टीवर उभ्या अपघातग्रस्त गाड्यांनीही ती १७ टक्क्यांच्या आसपास कमी होते, कारण प्रत्येक जण वेग कमी करून बघत जातो. म्हणून क्रेन आणि गस्तीची गाडी डेपोत न ठेवता रांगेच्या नेहमीच्या तोंडाजवळ उभी करा. अपघातात कोणी जखमी नसेल तर फोटो काढून वाहने लगेच बाजूला घ्यायची, हा नियम पोलिसांशी बसून आधीच लेखी ठरवा. रात्री, पावसात, तेल सांडलेले असताना कोण काय करणार, तेही त्यातच.

रस्त्याचा पृष्ठभाग टिकला नाही तर वरचे सगळे फुकट. खड्डा चुकवणाऱ्या वाहनांनी लेनची शिस्त मोडते. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा की नुकसान धुऱ्यावरील (ॲक्सलवरील) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्क्यांनी जास्त असेल तर झीज दुपटीच्या थोडी वर, दुप्पट भाराला सोळापट. चालत्या वाहनाचे वजन घेणारे काटे त्यामुळे वाहतुकीचेच साधन समजा. आणि पाणी. साइडपट्टी मुख्य रस्त्याच्या कडेपेक्षा उंच झाली की पाणी डांबराखाली मुरते. प्रत्येक नूतनीकरणानंतर ही पातळी तपासा.

हे सगळे करूनही क्षमता खरोखर अपुरी असेल, तर रुंदीकरण करा. पण अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडले होते की शहरी द्रुतगती मार्गावरची गर्दीच्या वेळची कोंडी वाढीव क्षमतेलाही येऊन भिडते. बाह्यवळण बांधत असाल तर भूसंपादनाबरोबरच दोन्ही कडांचा थेट प्रवेश बंद करून घ्या. नंतर दुकाने उभी राहिल्यावर ते होत नाही, आणि काही वर्षांत नव्या रस्त्यालाच बाह्यवळण शोधावे लागते.

काम झाल्यावर त्याच महिन्यांची, त्याच तुकड्यांची मोजणी पुन्हा घ्या. दुरुस्त केलेल्या जागेच्या पुढचे पाच-सात किलोमीटर त्यात जरूर धरा. आधी वाहने मागेच अडत होती म्हणून तिथला अडथळा झाकलेला असतो. आता पूर्ण प्रवाह तिथवर पोचतो आणि तो उघडा पडतो.