कोकणातून अभियांत्रिकीला जाताना: कटऑफ कसा वाचावा, पसंतीक्रम कसा लावावा

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घराघरांत पहिला प्रश्न विचारला जातो, तो ‘एवढ्यात मुंबईला नंबर लागेल का?’ हा. त्याचे उत्तर शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय मिळाले यावरून काढू नये. राज्य सीईटी कक्षाने प्रसिद्ध केलेल्या मागील वर्षीच्या कटऑफ (म्हणजे शेवटचा प्रवेश ज्या आकड्यावर झाला त्याच्या) याद्यांवरून काढावे.

पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. परीक्षेला ४ लाख विद्यार्थी बसले असतील तर ९० पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे ४० हजार जण असतात. ३ लाख बसले असतील तर ३० हजार. त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना केवळ पर्सेंटाइलवर विसंबू नये, राज्य गुणवत्ता क्रमांकही पाहावा. यादीत हे दोन्ही आकडे दिलेले असतात. शेवटच्या प्रवेशफेरीचा कटऑफ पहिल्या फेरीपेक्षा बराच वेगळा असू शकतो, म्हणून सर्व फेऱ्यांच्या याद्या समोर ठेवाव्यात.

यादीतील जागांचे संकेत मात्र काळजीपूर्वक वाचावे लागतात. संकेताच्या शेवटी ‘एच’ असेल तर ती जागा गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची, ‘ओ’ असेल तर त्याबाहेरच्यांची आणि ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय असते. ‘एल’ने सुरू होणारा संकेत मुलींसाठी राखीव जागांचा असतो. गृह विद्यापीठ हे विद्यार्थी मूळचा कुठला यावरून नव्हे, तर बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून ठरते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. म्हणजे कुडाळला बारावी केलेल्या मुलाने मुंबईतील संलग्न महाविद्यालयांसाठी ‘एच’चा आकडा पाहावा, तर शिकवणीसाठी कोल्हापूरला जाऊन तेथूनच बारावी झालेल्या त्याच्या मित्राने ‘ओ’चा. एकाच गावातील दोन मुलांना समान गुण असूनही निकाल वेगळे लागतात, ते अनेकदा यामुळेच.

आता पसंतीक्रम, म्हणजे अर्जात महाविद्यालये व शाखा भरण्याचा क्रम. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. ‘मिळण्यासारखे’ महाविद्यालय वर आणि आवडते खाली, असा क्रम भीतीपोटी लावला जातो. वास्तविक, वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायाची संधी मुळीच कमी होत नाही, म्हणून क्रम केवळ आवडीनुसार लावावा आणि सुरक्षित पर्याय शेवटी भरपूर ठेवावेत. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या असून पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाल्यास तोच स्वीकारावा लागतो. पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. भीतीने वर टाकलेले नाव मग गळ्यात पडते. आपल्या वर्षाचा नियम माहितीपुस्तिकेत पुन्हा तपासावा.

आवड ठरवण्यासाठी महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावे. लोणेरे, आंबव, लवेल किंवा रत्नागिरी येथील संस्था एका दिवसात पाहून येण्यासारख्या आहेत. पाऊस असला तरी कामकाजाच्या दिवशीच जावे, प्रयोगशाळेत मुले स्वतः काम करतात का ते पाहावे, आणि नोकऱ्यांबाबत विचारताना सर्वोच्च पगार न विचारता त्याच शाखेतील किती जणांना नोकरी मिळाली ते विचारावे. एनबीएचे (राष्ट्रीय मानांकन मंडळाचे) मानांकन शाखेला असते, संपूर्ण महाविद्यालयाला नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मुंबईतील वसतिगृहाचा आणि खानावळीचा चार वर्षांचा खर्च कागदावर मांडला की घराजवळच्या चांगल्या शाखेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. माझ्या परिचयातील अनेक पालकांबाबत मी हे पाहिले आहे.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास शिक्षण शुल्कमाफीच्या जागांचा पर्याय स्वतंत्रपणे भरता येतो. त्यांचा कटऑफ सहसा चढा असतो. याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. त्यासाठी लागणारे उत्पन्नाचे व नॉन-क्रिमीलेअर दाखले वेळेवर मिळावेत म्हणून अर्ज मे महिन्यातच करावा, कारण निकालानंतर दाखल्यांसाठी गर्दी उसळते.