वाळूचा कण नेमका कधी हलतो? पन्हळीत करून पाहा

पाण्याला जोर आला की गाळ हलतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण वर पाणी किती वेगात धावतंय याच्याशी कणाला फारसं देणंघेणं नसतं. तळाशी ते त्याला किती ओढतं, यावर सगळं ठरतं.

दीड मीटर लांबीची, सपाट तळाची पन्हळ घ्या. एक मिलिमीटरच्या आसपासची वाळू चाळून तिचा दोन बोटं जाड थर पसरा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर सुटे कण ठेवून प्रयोग करू नका; तिथे ते लगेच घसरतात. नदीत कण शेजाऱ्यांच्या खोबणीत बसलेला असतो, त्यांना ओलांडल्याशिवाय त्याची सुटका नाही.

आता पन्हळीचं एक टोक दीड सेंटिमीटर उचला, म्हणजे शंभरास एक उतार मिळेल. वरून पाणी सोडा आणि धार अगदी हळूहळू वाढवा. आधी एखादाच कण थरथरतो, गिरकी घेतो, पुन्हा बसतो. पाण्यातले भोवरे थांबून थांबून तळावर धडकतात, म्हणून ही हालचाल झटक्याझटक्याने होते. ‘हाच तो क्षण’ असं बोट दाखवता येत नाही. मी तर सरळ एक रेघ ठरवतो आणि मिनिटाला किती कण ती ओलांडतात ते मोजतो.

तळावरची ओढ काढायला पाण्याची खोली आणि उतार यांचा गुणाकार करून त्याला 9810 ने (एक घनमीटर पाण्याचं न्यूटनमधलं वजन) गुणा. खोली 0.01 मीटर, उतार 0.01, तर ओढ साधारण 0.98 पास्कल (म्हणजे दर चौरस मीटरला तितके न्यूटन). अभियंता अल्बर्ट शील्ड्स यांनी 1936 मध्ये बर्लिनमध्ये दाखवलं, की ही ओढ कणाच्या पाण्यातल्या वजनाशी ताडून पाहायची असते. भरड वाळूला ढोबळमानाने दर मिलिमीटरला 0.7 पास्कल लागतात. म्हणजे आपल्या धारेत 1.4 मिलिमीटरपर्यंतचे कण निघायला हवेत. पन्हळीच्या भिंतीही थोडी ओढ खातात, तेव्हा प्रत्यक्षात जरा कमीच धरा.

मग बारीक चिकणमाती तर सहज वाहून जाईल? ओली माती थापून एक दिवस बसू द्या आणि तीच धार सोडा. वाळू निघून जाते, माती जागची हलत नाही, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. बोटाने ती खरवडली, की मात्र पाणी गढूळ होतं. ते बादलीत धरून ठेवा: वाळू क्षणात तळ गाठते, गढूळपणा दुसऱ्या दिवशीही तसाच दिसतो.