पूर येण्याआधी गाव कसं हलवावं: पंचगंगाकाठच्या स्वयंसेवकांसाठी

पथक उभं करणं सोपं आहे. तालमीतली, तरुण मंडळातली पोरं असतातच. पट्टीचे पोहणारे आणि ट्रॅक्टरवाले वेगळे काढा. बचत गटातल्या दोघी-तिघी हव्यातच, एकट्या राहणाऱ्या आज्या त्यांचंच ऐकतात. सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेतलं १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळालं तर सोडू नका. दोर, बॅटरी, लाईफ जॅकेट वगैरेंच्या याद्या सगळीकडे मिळतात.

अडतं ते पुढं. माणसं घर सोडत नाहीत. ‘जनजागृती करा’ असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी भर पावसात कुणाच्या सोप्यात उभं राहून बघावं. तात्या भिंतीवरची जुनी खूण दाखवतात: "२००५ ला पाणी हितंच थांबलंतं. उंबऱ्याला लागू दे, मग बघू." त्या खुणेवर विसंबलेल्यांची २०१९ ला फसगत झाली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तेच.

म्हणून तात्यांशी वाद घालू नका, आकडा दाखवा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण बंधाऱ्यावर किती फूट झालं की आपल्या पायरीला पाणी लागतं हे फार थोड्यांना सांगता येतं. मे महिन्यातच गल्लीगल्लीत फिरून प्रत्येक घरापुढं तो आकडा लिहा. जाणती माणसं बरोबर घ्या. बाळंतीण, अंथरुणाला खिळलेलं माणूस, डायलिसिसचा रुग्ण यांची नोंद त्याच वहीत. गावाचा रस्ता कितीला बंद होतो तेही लिहा, कारण बहुतेक ठिकाणी घराआधी रस्ता बुडतो. घर हलवायचं ते रस्त्याच्या आकड्यावर.

आणि आधी जनावरं हलवा. माझं ठाम मत आहे, गोठ्यात म्हैस असेपर्यंत मालक हलत नाही, कितीही भोंगे वाजवा. चिखली गावचे लोक पुरात सोनतळीला जातात तशी उंचावरची जागा आधी ठरवा, तिथं वैरण टाका, धारेची सोय बघा. म्हशी गेल्या की घरातली माणसं मागोमाग निघतात. हे सगळं उजेडी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की संध्याकाळची वाट बघायची नाही.

नावेत बसवायची वेळ आली तर क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नका. रडू देत, शिव्या देऊ देत. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये जादा माणसं भरलेली नाव उलटली, त्यात लहान मुलंही गेली.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायची घाई करू नका: त्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, मोडलेलं सामान, मेलेलं जनावर यांचे फोटो काढा. पंचनाम्याला लागतात. मग फावडी, ब्लीचिंग पावडर, गमबूट. पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नका, जखमेतून शिरणाऱ्या लेप्टो तापाचा धोका असतो. पाणी उकळूनच.

बाहेरून मदतीचे फोन येतील. जुने कपडे नको म्हणून सरळ सांगा, त्यांचे ढीग शेवटी शाळेतच कुजतात. त्याऐवजी वैरणीचा ट्रॅक्टर मागा.