सबवे सर्फर्समध्ये उडी आणि कोलांटीची जोड कशी जमवावी

डेन्मार्कमधील किलू आणि सायबो या दोन कंपन्यांनी मे २०१२ मध्ये आणलेला ‘सबवे सर्फर्स’ हा, रेल्वे रुळांवरून पळणाऱ्या मुलाला पाठलाग करणाऱ्या निरीक्षकापासून वाचवण्याचा, मोबाइलवरील खेळ मुंबईच्या लोकलमध्ये चांगलाच रुळलेला आहे. गूगल प्लेवर शंभर कोटी डाउनलोडचा टप्पा २०१८ मध्ये खेळांपैकी सर्वांत आधी याच खेळाने गाठला आणि त्यातील शहर बदलत जाते, त्या जगप्रवासात एक मुक्काम मुंबईचाही होऊन गेला. मात्र वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांचाही हात एकाच ठिकाणी अडखळतो, तो म्हणजे उडी मारता येते, पण ती वेळेत आटोपता येत नाही. पुढील मार्गदर्शन मुख्यतः त्याविषयी आहे.

प्रथम फोनची तयारी करावी. मुंबईच्या दमट हवेत अंगठा घामेजतो आणि घामट काचेवर बोट सरकण्याऐवजी अडकते, म्हणून खेळण्यापूर्वी पडदा व अंगठा दोन्ही रुमालाने कोरडे करावेत. ज्या फोनमध्ये कडेपासून बोट ओढल्यास मागील पानावर जाण्याची सोय असते, त्यात अगदी कडेला ओढलेले बोट खेळातून बाहेर नेऊ शकते. पडद्याच्या वरच्या काठावरून खाली ओढल्यास सूचनांची पट्टी उघडते. त्यामुळे अंगठा पडद्याच्या मध्यभागी, किंचित खालच्या बाजूस ठेवावा आणि तेथूनच बोटभर अंतराचे छोटे झटके द्यावेत. लांबलचक रेघा ओढण्याची काहीच आवश्यकता नसते.

खेळातील मूळ हालचाली चारच आहेत: वर ओढल्यास उडी, खाली ओढल्यास कोलांटी, डावीकडे व उजवीकडे ओढल्यास रूळ बदलणे. बुटका अडसर उडी मारून ओलांडावा, खाली मोकळी जागा असलेल्या अडसराखालून कोलांटी मारून निघावे. उभ्या गाडीच्या टोकाला उतार लावलेला असेल तर त्यावरून धावत थेट टपावर चढता येते. एरवी जमिनीवरून साधी उडी मारून टप गाठता येत नाही. त्यासाठी उंच उडी देणारे जादूचे बूट मिळावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. काही दिवसांपूर्वी दादरहून सुटलेल्या धीम्या कल्याण लोकलमध्ये मी हा खेळ खेळत होतो आणि शीव येईपर्यंत तीन वेळा पकडला गेलो होतो. शेजारी बसलेला, मांडीवर दप्तर घेतलेला एक मुलगा बराच वेळ गप्प राहून पाहत होता. अखेर न राहवून तो म्हणाला, “काका, तुम्ही वर गेलात की नुसते थांबता. थांबू नका, लगेच बोट खाली घ्या.” त्याने सांगितलेली युक्ती अशी की, अडसर पायांखालून गेल्याबरोबर हवेत असतानाच अंगठा खाली ओढावा. असे केल्याने खेळाडू तरंगत न राहता झपकन जमिनीवर येतो आणि येताच कोलांटी घेतो, म्हणजे पुढे कोलांटीचा अडसर असेल तर तोही त्याच झटक्यात पार होतो. वेग वाढल्यानंतर दोन अडसरांमधील वेळ इतका कमी होतो की, पूर्ण उडी खाली येईपर्यंत थांबणारा खेळाडू दुसऱ्या अडसरावर आदळतोच.

ही जोड बसवताना अंगठा उचलून पुन्हा टेकवण्यात वेळ जातो, हे लक्षात घ्यावे. वरचा झटका संपला की अंगठा किंचित उचलावा आणि जिथे आहे तेथूनच खाली आणावा. याच्या उलट क्रमही उपयोगाचा असतो: कोलांटी चालू असताना वर ओढले की कोलांटी अर्ध्यावर सुटून उडी लागते. हे दोन्ही क्रम अंगवळणी पडले की तिसरी कसरत शिकावी, ती म्हणजे हवेतच रूळ बदलणे. टपाच्या शेवटी उडी मारून लगेच बाजूला ओढल्यास शेजारच्या गाडीचा टप गाठता येतो. मात्र बाजूला वळण्यापूर्वी तेथे टप आहे की गाडीची भिंत, हे पाहिलेले असावे. भिंतीला कडेने घासल्यास खेळाडू अडखळतो व निरीक्षक कुत्र्यासह जवळ येतो. लागोपाठ दुसऱ्यांदा अडखळल्यास तो पकडतोच. म्हणून नजर धावणाऱ्या मुलावर न ठेवता पडद्याच्या वरच्या भागावर, येणाऱ्या गाड्यांवर ठेवावी. माझ्या मते बोटाच्या चपळाईपेक्षा ही सवय लावणे अधिक कठीण आहे.

हे सर्व अर्थातच पडद्यापुरते. खऱ्या लोकलच्या टपावर २५,००० व्होल्टची तार असते आणि टपावरून प्रवास करणे रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५६ खाली गुन्हा आहे.

खेळातील होव्हरबोर्ड, म्हणजे पायांखालची तरंगती फळी, पडद्यावर दोनदा पटकन टिचकी मारल्यावर सुरू होतो आणि ३० सेकंद टिकतो. त्यावर असताना आदळल्यास बोर्ड फुटतो, आसपासचे अडथळे उडून जातात आणि धाव चालूच राहते. काही बोर्डांवर उडी अधिक उंच जाते, तर काहींवर शरीर खाली वाकलेले राहते. टपावरच्या कसरतींसाठी पहिला प्रकार निवडावा. नवी युक्ती शिकताना बोर्ड सुरू ठेवून चुका कराव्यात, कारण त्या चुकीची किंमत फक्त एक बोर्ड असते. दोन टिचक्यांमध्ये अंगठा घसरला तर मात्र खेळ त्याला रूळ बदलण्याची खूण समजतो, त्यामुळे मोकळा रूळ दिसेल तेव्हाच टिचक्या माराव्यात.

जेटपॅकविषयी, म्हणजे पाठीवर बांधून उडण्याच्या यंत्राविषयी, फारसे सांगण्यासारखे नाही. त्यावर अडथळेच नसतात, केवळ नाण्यांच्या ओळी पकडत राहावे.

सरावाच्या फेरीत प्रत्येक उडी खाली ओढूनच संपवावी, समोर मोकळी जागा असली तरीही. पकडले गेल्यावर खेळात साठवलेल्या किल्ल्या देऊन पुढे जाता येते, परंतु त्याच फेरीत प्रत्येक वेळी दुप्पट किल्ल्या लागतात. सरावात तो मोह टाळून नव्याने धाव सुरू करावी, कारण सुरुवातीच्या संथ गतीतच अंगठ्याला ही जोड शिकवता येते.