पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर मारायचाय? पैसे देण्याआधी हे बघा

नवीन पिकअप घेतली की पहिला पावसाळा संपेपर्यंत हौद्याचं काय होतं ते आमच्या बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात सगळ्यांना माहितीय. क्रेट ओढून ओढून पत्र्याचा रंग जातो, पोरं फावडं घासतात, त्यावर पाऊस, त्यावर लाल माती, आणि दिवाळीला गाडी धुवायला घेतली की कोपऱ्यात गंज दिसतो. मग कुणीतरी सांगतंच, स्प्रे लायनर मार, म्हणजे हौद्याच्या पत्र्यावर फवारून बसवायचा चिवट थर, जन्माची कटकट गेली. लायनर चांगली गोष्ट आहे आणि मी त्याच्या बाजूनंच आहे, पण काळं कायतरी मारलं म्हणजे लायनर झाला असं नाही, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा डबा उघडायच्या आधीच्या कामात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा की तुम्ही भरता काय. कडोली, कंग्राळीकडनं कोबी, रताळी, बटाटा भरून चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्या गाडीत दिवसभर प्लास्टिकचे क्रेट आत-बाहेर सरकत असतात, तिथं फार खरबरीत लायनर मारला तर क्रेट अडकतो आणि भरणाऱ्याची कंबर जाते, म्हणून बारीक टेक्स्चर आणि कडक लायनर घ्या. वाळू, खडी, शेणखत फावड्यानं ओढणाऱ्यांनापण कडकच बरा. गाई-म्हशी नेत असाल तर उलट, जनावराचा खूर घसरू नये म्हणून जाड टेक्स्चर आणि जरा रबरासारखा मऊ लायनर हवा, आणि वर रबर मॅट टाका. उद्यमबाग, मच्छेकडं फौंड्रीचं कास्टिंग भरणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, चाळीस-पन्नास किलोचा धारदार तुकडा वरनं टाकला तर कुठलाच लायनर वाचवणार नाही, पत्राच दबतो आणि पत्रा दबला की लायनर तिथं सुटतो. तुम्ही लायनर गंज टाळायला मारा आणि आपट सोसायला वर जाड रबर शीट किंवा चेकर्ड प्लेट टाका, ती काढता येईल अशीच बसवा. मासळीवाल्यांना तर लायनर सगळ्यात गरजेचा, कारण बर्फाचं खारं पाणी जोडात उतरतं आणि तिथनं पत्रा खातं.

आता प्रकार. अमेरिकेत राइनो लायनिंग्ज १९८८ पासून आणि लाइन-एक्स १९९३ पासून हे काम करतायत, तिथं पिकअप घेतली की लायनर मारणं नेहमीचं झालंय. तिकडचा असो की इकडचा, माल मुख्य दोन जातींचा, पॉलियुरिया आणि पॉलियुरेथेन, आणि दोघांच्या मिश्रणाचा हायब्रिड. पॉलियुरिया मशीननं मारतात, दोन ड्रममधले दोन पातळ पदार्थ सारख्या प्रमाणात गरम होऊन मोठ्या प्रेशरनं गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. त्यामुळं एकाच दिवसात २ ते ३ मिलिमीटरचा थर चढतो आणि ओघळत नाही. हाच माल टेरेसला, पाण्याच्या टाकीला वॉटरप्रूफिंगसाठी मारतात, म्हणून तुमच्या जवळ गाड्यांचं काम करणाऱ्याकडं मशीन नसेल तर वॉटरप्रूफिंगची मशीन असलेला माणूस कोल्हापूर, हुबळीकडं विचारून बघा, फक्त त्यानं गाडीच्या पत्र्यावर आधी काम केलंय का ते बघा, काँक्रीटचं काम वेगळं.

दुसरा प्रकार बाटलीतला पॉलियुरेथेनचा किट, यू-पॉलचा रॅप्टर त्यातला सगळ्यात ओळखीचा. बाटलीत ७५० मिली माल असतो, त्यात २५० मिली हार्डनर (माल घट्ट करणारा दुसरा भाग) ओतायचा, हलवायची आणि साध्या कॉम्प्रेसरवर खास गन लावून मारायचं. चांगला पेंटर हे करू शकतो, स्वस्तही पडतं, पण थर पातळ बसतो. आणि इथंच हिशेब येतो, तो प्रत्येकानं स्वतः करावा.

हिशेब असा. १ लिटर माल १ चौरस मीटरवर पसरला की १ मिलिमीटर ओला थर होतो, बस एवढंच लक्षात ठेवा. हौदा साधारण ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सव्वा फूट उंच धरला तर तळ आणि चारी बाजू मिळून ८५ चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे ८ चौरस मीटर. आता कुणी म्हणाला की तुमच्या हौद्याला २ मिमी मारतो, तर त्याला कमीत कमी १६ लिटर माल लागणार, हवेत उडून वाया जाणारा वेगळा. चार बाटल्यांच्या किटमध्ये तयार माल होतो ४ लिटर, म्हणजे सगळा हौद्यावरच बसला तरी अर्धा मिलिमीटर ओला, आणि त्यातला सॉल्व्हंट (थिनरसारखा उडून जाणारा भाग) उडाला की आणखी कमी. चार बाटल्या दाखवून दोन मिमीचे पैसे मागणाऱ्याला हा हिशेब त्याच्यासमोरच करून दाखवा. भाजीच्या गाडीला पातळ थरसुद्धा बरीच वर्षं पुरतो, तो वाईट अजिबात नाही, पण पातळाचे पैसे पातळाचेच द्यायचे.

तिसरा प्रकार म्हणजे लायनर नसलेला लायनर. गाडीच्या खालनं जे काळं अँटीरस्ट मारतात ते डांबराच्या जातीचं असतं, खाली चालतं, पण हौद्यात मारलं तर एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडतं, पोत्याला चिकटतं, डिझेल सांडलं तर विरघळतं. दिसायला पहिल्या दिवशी सेम टू सेम. विचारायचं सरळ, माल दोन भागांचा आहे का, हार्डनर कुठला, डबा दाखवा. हार्डनरच नाही म्हणाला की तिथनं निघा.

रंगाचं थोडक्यात. स्वस्त पॉलियुरिया ॲरोमॅटिक जातीचा असतो, उन्हानं त्याचा काळा रंग राखाडी पडतो आणि फिका रंग पिवळा पडतो, ताकद बऱ्यापैकी टिकते. रंग टिकवायचा असेल तर ॲलिफॅटिक माल किंवा वरनं ॲलिफॅटिक कोट, तो महाग. कामाच्या गाडीला काळा ॲरोमॅटिक पुरेसा आहे, असं माझं मत. बाहेरनं बॉडीला मारून गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते, हौद्याच्या आतल्याला ती भानगड नाही. आणि कडकपणा विचारताना शोर हार्डनेस विचारा, शोर ए चा आकडा सांगितला तर माल रबराकडचा, शोर डी चा सांगितला तर कडक प्लास्टिककडचा.

आता खरं काम, तयारी. लायनर पत्र्याला धरतो तो दोनच कारणांनी, पत्रा स्वच्छ असला आणि खरबरीत असला तर. कंपनीचा रंग शाबूत असेल तर तो काढू नका, त्याच्यासारखा प्रायमर नाही, फक्त त्याची चकाकी मारायची, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं किंवा लाल स्कॉचब्राइटनं (घासायची जाळी) सगळीकडं घासायचं, तळाच्या पत्र्यावरच्या उंचवट्यांच्या बाजूंनासुद्धा. तपासायला सोपं आहे, उन्हात तिरकं बघा, कुठंही चमकणारा ठिपका दिसला तर तिथनं लायनर सुटणार. हुकाच्या भोवती, फाळक्याच्या बिजागरीजवळ, समोरच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचा हात पोचत नाही, तिथं तुम्ही स्वतः बोट फिरवा. गुळगुळीत लागलं की परत घासायला सांगा, लाजू नका.

जुन्या गाडीत गंज असेल तर तो वायर ब्रश, ग्राइंडरनं पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढायचा, उघड्या पत्र्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा आणि प्रायमर त्याच्या टायमानं वाळू द्यायचा. स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर ठोकत जा, आवाज बदलला किंवा टोकानं पत्रा आत गेला तर आधी वेल्डिंग, मग लायनर. गंजावर मारलेला लायनर गंज झाकतो, थांबवत नाही, आत ओल धरून पत्रा खात राहतो आणि वरनं हौदा एकदम नवा दिसतो, हे सगळ्यात धोक्याचं. दुसरं म्हणजे तेल. मासळी, खवा, डिझेलचे कॅन नेलेल्या गाडीत नुसतं पाणी मारून भागत नाही. आधी डीग्रीझर (तेल सोडवणारं द्रावण), मग धुणं, मग वाळवणं, मग घासणं, मग परत स्वच्छ कापडानं सॉल्व्हंट पुसणं, याच क्रमानं. आधी घासलं तर तेल ओरखड्यात जाऊन बसतं. लोकल रंग नुकताच मारला असेल तर लगेच लायनर नको, रंगातला थिनर पूर्ण उडू द्या.

पाणी निघायची भोकं टेप लावून (मास्किंग) मोकळी ठेवायची, ही गोष्ट दहादा सांगून घ्या. भोकं बुजली की खानापूर, जांबोटीकडच्या पावसात हौद्याचा हौद होतो. हुक, लॉक, बिजागरी, नट सगळं उघडून बाजूला, निघत नसेल तर टेप. आणि लायनरचा काठ फाळक्याच्या वरच्या पट्टीवरनं थोडा बाहेर वळवून संपवा, नेमक्या कडेवर संपवला तर पहिला क्रेट आपटला की तिथनंच साल निघते.

हवामानाला आमच्याकडं फार महत्त्व आहे. या मालातला हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, त्याला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे होतात. मशीनचा पॉलियुरिया इतका झटपट घट्ट होतो की त्याला दमट हवा थोडी सोसते, किटमधल्या पॉलियुरेथेनला नाही, पण ओला पत्रा दोघांनाही चालत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका, पेंटर कितीही म्हणू दे शेडमध्ये करतो. पाऊस संपून हवा कोरडी झाली की, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, चांगला काळ. तेव्हाही सकाळी पत्र्यावर दव असतं, दिसत नसलं तरी असतं. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा, कमीत कमी ३ अंश जास्त पाहिजे. एवढं मोजायला कुणाकडं साधन नसलं तर सरळ दहा-अकरा वाजता ऊन पडल्यावर सुरू करा आणि संध्याकाळच्या गारठ्याआधी शेवटचा हात संपवा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलंय का, लाइनला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) आहे का, तेपण बघा.

स्वतः मारणाऱ्यांनो, एक कळकळीनं सांगतो. आयसोसायनेटच्या फवाऱ्यानं कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीरानं धरलं की नंतर थोड्याशा वासानंही छाती भरते. तोंडाला रुमाल बांधून हे काम करायचं नाही. बाहेरनं ताजी हवा देणारा मास्क लागतो, पूर्ण अंगभर सूट, हातमोजे, चष्मा. ते नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडनं करून घ्या, आणि तुमच्या पेंटरच्या पोराकडंपण बघा त्यानं काय घातलंय. शेजारच्या गाड्या झाका, कारण उडालेला फवारा काचेवर बसला की निघत नाही.

गाडी ताब्यात घेताना नखानं काठ उचलून बघा, उचलला नाही पाहिजे. टॉर्च तिरका धरून टाचणीएवढी भोकं शोधा, खारं पाणी आणि खत तिथनंच आत जातं. वॉरंटी आहे म्हणाले तर बिलावर लिहून घ्या, मालाचं नाव, किती लिटर लागला, किती मिमी, आणि सुटलं तर कोण परत मारणार. कन्नडमध्ये बिल देत असतील आणि वाचता येत नसेल तर तिथल्या तिथं वाचून घ्या, नंतर नाही. जाडी मोजायचं मीटर मिळतं, मोठ्या शॉपमध्ये असतं, तळाला, भिंतीला आणि कोपऱ्यात तीन ठिकाणी लावायला सांगा, कोपऱ्यातच चोरी असते.

मशीनचा पॉलियुरिया असेल तर दुसऱ्या दिवशी हलकं भाडं मारायला हरकत नाही. किटचा असेल तर एक दिवस पाणी लागू देऊ नका आणि जड माल, खत, मासळी आठवडाभर थांबवा. हंगामात आठवडा गाडी उभी ठेवणं परवडत नाही, कळतं मला, म्हणून तर तारीख आधी ठरवून भाजीचा जोर कमी असताना काम काढायचं.

आणि लायनर फक्त वरनं आहे हे विसरू नका. हौद्याच्या खाली चॅनल आणि पत्रा जिथं भेटतात तिथं चिखल बसतो, तिथला गंज खालनं वर येतो. तिथं धुऊन, वाळवून ते डांबरी अँटीरस्ट मारा, त्याची खरी जागा ती. लायनर कुठं फाटलाच तर वाट बघत बसू नका, कडा कापून घट्ट भागापर्यंत जा, पत्रा उघडा पडला असेल तर प्रायमर, भोवतीचा लायनर चार बोटं घासून पुसून घ्या आणि त्याच जातीचा माल लावा. यासाठी पहिल्याच वेळी पेंटरकडनं थोडा न मिसळलेला माल आणि हार्डनर वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्या, हार्डनर दमट हवेत उघडा राहिला तर डब्यातच जमतो.